माणसासकट माप

रविवार, तेवीस मार्च दोन हजार चौदा. सकाळी साडेपाच. काचीगुडा स्टेशनसमोरची चहाची गाडी.
हजर : गोपाळराव सर, युसूफभाई, रमणा, मी.
गैरहजर : कुणी नाही.

‘कुणी नाही’च्या खाली मी एक रेघ ओढली आहे. एरवी मी वहीत रेघा ओढत नाही, कागद वाया जातो. पण ही रेघ इतकी दाबून ओढली गेली की पानाच्या मागच्या बाजूला आजही बोटाला लागते.

दरवर्षी फेब्रुवारी सरत आला की आमच्या गल्लीतला लिंब पिवळा पडतो. सकाळी झाडू मारून आत यावं, चहा गाळावा आणि बाहेर पाहावं, तर अंगण पुन्हा भरलेलं. आठ-पंधरा दिवस हे चालतं. मग एका सकाळी फांद्यांवर तांबूस कोवळी पालवी दिसते, चौकात टरबुजांचा ढीग लागतो, दुपारचं ऊन पायाला चावायला लागतं. मी माठ धुऊन ठेवते, लोकरीचे कपडे बांधते, सायकलच्या साखळीला तेल घालते. ही कामं यादीत असतात. यादीत नसलेलं एकच काम मी या दिवसांत करते : कपाटातली ती जुनी वही काढून उभ्या उभ्या दोन पानं वाचते.

त्या वर्षी शहरात सगळेच याद्या करत होते. एका राज्याची दोन व्हायची होती. आमच्या कार्यालयात कपाटं, टेबलं, फायली, गाड्या आणि माणसं यांची वाटणी कागदावर सुरू झाली होती, आणि आमच्या विभागाचं ते काम माझ्याकडे होतं. नाव, हुद्दा, मूळ जिल्हा, शिक्षण कुठे झालं, जायचं कुठे. शेजारच्या टेबलावर रमणा बसायचा. त्याचं मूळ गाव कृष्णेच्या काठचं, विजयवाड्याजवळचं. पण मिसरूड फुटल्यापासून तो हैदराबादेतच होता. रोज सकाळी माझ्या कागदांवर वाकून तेलुगू अदबीनं विचारायचा, “सुनंदागारू, आज मी कुठल्या राज्यात?”

“अजून पेन्सिलीत आहेस,” मी म्हणायची.

“मग खोडरबर लपवून ठेवा.”

आमच्या रविवारच्या सायकलवाल्यांना नाव नव्हतं, पण नियम होते. तीन. तिन्ही गोपाळराव सरांचे. निघताना आणि पोचल्यावर हजेरी घ्यायची. गंडीपेठ तलावाच्या बांधापर्यंत जो आपल्या पायांच्या जोरावर पोचेल तोच हजर. कुणी ढकललं, कुणी ओढलं, की गैरहजर. आणि सलग तीन महिने जो गैरहजर, त्याचं नाव वहीतून कमी. सर काचीगुड्याच्या जुन्या घराण्यातले. वडील वकील, आजोबा निजामाच्या सरकारी नोकरीत. स्वतः मात्र त्यांनी मराठी शाळेत गणित शिकवलं, मलाही नववी-दहावीत शिकवलं. माझे बाबा नांदेडहून आलेले, सिकंदराबादला रेल्वेच्या कारखान्यात फिटर. वस्तीतल्या आम्हा पोरींना सरांची भीती वाटायची ती त्यांच्या सायकलच्या घंटीची. ती वाजली की गप्पा बंद, वह्या उघड.

सरांची शेवटची हजेरी होती डिसेंबरच्या चौथ्या रविवारची. त्यानंतर दोनच दिवसांनी चादरघाटच्या पुलावर ते सायकलवरून पडले. हाड मोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आतला तोल गेलाय, औषधानं चक्कर थांबेल, पण दोन चाकांचं वाहन आता कायमचं बंद. जानेवारीत भेटायला गेले तर सर खिडकीशी बसलेले, पाठ रस्त्याकडे. पन्नास वर्षं ज्यानं या शहराचा एकेक खड्डा पाठ केला, तो माणूस रस्त्याकडे पाठ करून बसला होता. सून म्हणाली, “गच्चीवर सुद्धा येत नाहीत.”

सर म्हणाले, “सुनंदा, माझं नाव कमी कर.”

“नियमात बसत नाही, सर. मुदत तेवीस मार्चपर्यंत आहे.”

“उगीच तारखा मोजू नकोस.”

“तुम्हीच शिकवलंत मोजायला.”

घरी आल्यावर मी वही उघडली आणि उरलेले रविवार लिहून काढले. दिवसभर कार्यालयात नावं इकडून तिकडे करायची आणि रविवारी पुन्हा एक नाव काढायचं, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं.

युक्ती रमणाची. त्यानं मोबाइलवर एक चित्र दाखवलं : तीन चाकं, मधे जमिनीलगत बैठक, पाय पुढे सोडलेले, माणूस मागे रेललेला. लोक घरच्या घरी बनवतात म्हणे. “तोल जायचाच नाही,” रमणा सरांना म्हणाला. “आणि पडायचं म्हटलं तरी पडायला उंचीच नाही.”

सरांनी चित्र लांब धरून पाहिलं. “आडवं पडून जायच्या वाहनात बसायचं माझं वय झालं नाही अजून. आणि त्याला चार माणसं लागतात.”

“मास्टरसाब,” युसूफभाई म्हणाले, “उस में पैडल नहीं रहते.”

सर हसले. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. त्याच संध्याकाळी मी सामानाची यादी केली.

युसूफभाईंचं वेल्डिंगचं दुकान स्टेशनच्या मागे. फाटकं, जाळ्या, जिन्याचे कठडे बनवायचे, आणि रविवारी सायकल चालवून पोट उतरवायचं, जे कधी उतरलं नाही. त्यांनी एका मोडीत निघालेल्या फाटकाचे चौकोनी पाइप काढले. अपंगांच्या जुन्या चाकखुर्चीची दोन चाकं आम्हाला जुमेरात बाजारात मिळाली, ती पुढे. मागचं चाक सरांच्याच सायकलचं, ते काढताना सर खोलीतून निघून गेले आणि चाक निघाल्यावर परत येऊन म्हणाले, “घंटी पण घ्या.” साखळी तीन सायकलींची, एकाला एक जोडून, कारण पायांनी मारायचे पायटे पार पुढे आणि चाक पार मागे. आणि बैठक म्हणून प्लास्टिकची साधी खुर्ची, पाय कापलेली. युसूफभाईंनी करवत लावली तेव्हा रमणा म्हणाला, “सगळं शहर खुर्चीसाठी भांडतंय, आणि भाई पाय कापतात.”

“चार पाय थे, तीन चाकं दिये,” युसूफभाई म्हणाले. “नुकसान काइकू?”

खरी भांडणं झाली ती झेंड्यावरून. गाडी इतकी बुटकी की ट्रकवाल्याला दिसणार नाही. मागे उंच काठी आणि तिला फडकं पाहिजेच. पण त्या वर्षी हैदराबादेत फडकं निवडणं सोपं नव्हतं. गुलाबी लावलं तर एका पक्षाचं, पिवळं लावलं तर दुसऱ्याचं. भगवा, हिरवा, लाल, सगळे घेतलेले. मी निळं सुचवलं तर सर म्हणाले, “तुझ्या बाबांना आवडलं असतं, पण तोही पक्षच.” शेवटी युसूफभाईंनी आपल्या जुन्या चौकड्याच्या लुंगीचा तुकडा फाडून दिला. म्हणाले, “ये पार्टी में मैं अकेला हूँ.”

वेल्डिंगच्या ठिणग्यांचा जळकट वास, युसूफभाईंच्या बायकोनं पाठवलेली खट्टी दाल, भिंतीवर खडूनं काढलेल्या आकृत्या, आणि दर अर्ध्या तासानं रमणाचं “सर, एकदा बसून बघा,” आणि सरांचं “आधी होऊ दे.” फेब्रुवारीचे चार आठवडे असे गेले. मोजमाप माझ्याकडे होतं. पुढची दोन चाकं एकमेकांना समांतर पाहिजेत, पुढून जेवढं अंतर तेवढंच मागून, नाहीतर ती रस्त्याला घासत जातात. मी टेप लावून मोजलं. पुढे एकतीस इंच, मागे एकतीस इंच. वहीत बरोबरची खूण केली.

चाचणीला दिवस मिळाला तो बंदचा. त्या काळात कुणी ना कुणी बंद पुकारायचंच. कुणाच्या बाजूचा, हे आम्ही विचारायचं सोडून दिलं होतं. आम्हाला रिकामा रस्ता मिळायचा. निंबोळी अड्ड्याचा रस्ता इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. दुकानांची शटरं खाली, सज्ज्यांत माणसं, रस्त्यावर फक्त लिंबाची पानं. आधी रमणा बसला. सडपातळ, टिचभर माणूस. भुर्रकन चौकापर्यंत जाऊन आला. सज्ज्यातून कुणीतरी ओरडलं, “अरे भई, कुर्सी लेके किधर?” रमणानं हात जोडून सांगितलं, “बैठे बैठे आगे जा रहा हूँ अंकल, आप भी सीखो.” टाळ्या पडल्या.

मग सर बसले. नव्वद किलोचा, रुंद खांद्यांचा माणूस. पायटे मारले आणि पुढच्या चाकांतून चर्र असा आवाज आला. गाडी हलली, पण ओल्या वाळूतून ओढावी तशी. रस्ता सपाट होता. दोनशे पावलांवर सर थांबले. कपाळ घामानं भरलेलं, ओठ पांढरे. युसूफभाई धावत जाऊन चाकांशी वाकले.

“गाडीला काही झालेलं नाही,” सर म्हणाले. “रमणा गेलाच ना? पाय संपले माझे. काढ नाव.”

ते चालत घरी गेले. आम्ही गाडी ढकलत दुकानात नेली. तेवीस मार्चच्या आधी दोन रविवार उरले होते.

त्या संध्याकाळी कार्यालयाचे कागद घेऊन बसले होते. वरून सूचना आली होती : माणसं नंतर, आधी पदं मोजा; कोण बसलंय ते पाहू नका, खुर्च्या मोजा. मी मोजत होते. एक खुर्ची, दोन खुर्च्या, तीन. आणि एकदम बाबांचा आवाज आला. बाबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, पण आवाज अगदी कामावरून आल्यावरचा, हातावर साबण चोळत बोलतानाचा. मालगाडीच्या डब्याची उंची ते दोनदा मोजायचे, रिकामा असताना आणि भरल्यावर. मी लहानपणी विचारलं होतं, दोनदा कशाला? बाबा म्हणाले होते, “बाई, रिकामा डबा सरळच उभा राहतो. त्याचं काय कौतुक? ओझं घेतल्यावर कसा उभा राहतो, ते माप.”

मी एकतीस इंच मोजले होते ते रिकाम्या खुर्चीचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता युसूफभाई आणि मी गाडी हातगाड्यावर घालून सरांच्या दारात. सर दारातून हलेनात.

“चालवायची नाही, सर. नुसतं बसायचं.”

“कशाला?”

“वजन म्हणून.”

“म्हणजे मी पोतं?”

“आजच्या दिवस पोतं.”

“बैठो मास्टरसाब,” युसूफभाई म्हणाले. “तांदूळ इतना नखरा नहीं करता.”

सर बसले. पाइप पोटाशी किंचित वाकला, पलंगाची सुतळी वाकते तसा, आणि दोन्ही चाकांची तोंडं बाहेरच्या बाजूला वळली. मी जमिनीवर पालथी पडून टेप लावला. मागे एकतीसच्या खाली, पुढे बत्तीसच्या वर. दोन चाकं दोन वाटांना निघाली होती आणि सर त्या दोघांना आपल्या पायांनी पुढे रेटत होते. टायरवर बोट फिरवलं तर काळी भुकटी लागली. रमणाचं वजन एवढं कमी की पाइपला त्याची खबरच नव्हती.

मी वही उघडली आणि माझी बरोबरची खूण खोडली. “चूक माझी आहे, सर. तुमचे पाय ठीक आहेत.”

सरांनी वहीतली खोडलेली खूण पाहिली. मग म्हणाले, “नववीत तुझा एक गुण कापला होता, आठवतं? उत्तर बरोबर होतं. पण एकक लिहिलं नव्हतंस.”

“आठवतं. रडले होते.”

“याही वेळी तेच. आकडा बरोबर, माणूस लिहायचा राहिला.” आणि लगेच, जुन्या आवाजात : “आता उभी काय राहिलीस? टेप धर. युसूफ, चाकांना जोडणारी ती मागची सळई दोन आटे सोड. दोन म्हणलं, तीन नाही!”

सव्वा तास ते खुर्चीत बसून होते आणि आम्ही दोघं त्यांच्याभोवती रांगत होतो. बैठकीखाली आणखी एक पाइप टेकूला जोडला. एकतीस पुढे, एकतीस मागे, माणसासकट. मी कार्यालयात उशिरा पोचले, पहिल्यांदाच. रमणानं विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “जुळलं.” त्यानं टेबलावर दोन्ही हातांनी ताल धरला, साहेबांनी दारातून डोकावून पाहिलं तरी थांबला नाही.

आणि मग ती तेवीस तारीख. उजाडताना निघालो. कोठीवरून आबिड्सला आलो तेव्हा फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे विक्रेते रविवारचं दुकान मांडत होते. एकानं हातातला गठ्ठा खाली ठेवला. “चच्चा, तबियत तो ठीक है ना? लेटे लेटे कहाँ?”

“पढने का चष्मा लाओ, फिर दिखेगा,” सर घंटी वाजवत म्हणाले. “बैठा हूँ मैं.”

मेहदीपट्टणमला एका ऑटोवाल्यानं शेजारी गाडी घेत विचारलं, “कितने का बनाया?” सर म्हणाले, “बेचना नक्को.” लुंगीचा तुकडा काठीवर ताठ फडफडत होता. रमणा मागून ओरडला, “भाई, तुमची पार्टी आघाडीवर!” मी पुढे होते, कानात फक्त सरांच्या चाकांचा आवाज. चर्र नव्हतं. नुसती साखळीची सळसळ, लांबच लांब.

लंगर हौज मागे पडलं की गंडीपेठच्या वाटेवर एक लांब चढ लागतो. सगळी भीती त्या चढाची. तिथे सायकलस्वाराला दोनच मार्ग : न थांबता चढून जा, नाहीतर उतरा. आम्ही दात खाऊन चढत होतो. मागे पाहिलं तर सर थांबलेले. अर्ध्या चढावर. आम्ही तिघंही उतरलो, सायकली आडव्या धरून धापा टाकत त्यांच्याजवळ गेलो. ढकलायचं नाही, हा नियम. हात लावता येईना.

सरांनी ब्रेक दाबून त्यावर ट्यूबचा रबर अडकवला होता. पाय पायट्यांवर, हात पोटावर, पाठ खुर्चीला. खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढली, अर्धी मोडली आणि आमच्याकडे पाहिलं. आम्ही तिघं, घामानं निथळत, उतरणीला घसरणाऱ्या सायकली सांभाळत उभे.

“तुम्ही लोकं उभे का?” सर म्हणाले. “बसा की.”

युसूफभाईंनी रस्त्याच्या कडेला सायकल टाकली आणि पोट धरून हसायला लागले. रमणा हसता हसता खाली बसला. तेव्हा आमच्या लक्षात आलं की या गाडीला चढावर थांबता येतं. पडत नाही, घसरत नाही, दम खाऊन पुन्हा निघता येतं. आम्हा धडधाकट लोकांना जे जमत नव्हतं ते त्यांना जमत होतं. सरांनी चिक्की संपवली, कागद घडी करून खिशात ठेवला, रबर काढला आणि निघाले. हळू, मुंगीसारखे, पण एकही हात न लागता. वरच्या टोकाला त्यांनी घंटी वाजवली. तीच घंटी, शाळेची. माझी पाठ आपोआप ताठ झाली.

बांधावर पोचलो तेव्हा पाण्यावर ऊन पसरलेलं. मी वही काढली. “युसूफभाई?” “हाजिर.” “रमणा?” “प्रेझेंट, मेडम.” “गोपाळराव सर?”

सर खुर्चीतच होते. पाणी बघत होते. मी पुन्हा नाव घेतलं.

“हजर,” ते म्हणाले. आणि मग मोठ्यानं, वर्गाला ऐकू जाईल असं, “हजर!”

परतीच्या उतारावर ते आम्हा तिघांना मागे टाकून गेले. जाताना डाव्या हातानं टाटासुद्धा केला.

जूनमध्ये राज्यं दोन झाली. माझ्या याद्यांतली पेन्सिल शाईची झाली. मी आयुष्यात अनेक नावं लिहिली, पण रमणाचं नाव पलीकडच्या राज्याच्या रकान्यात लिहिताना पेन दोनदा झटकलं. पुढे त्याचं कार्यालयच विजयवाड्याला गेलं, आणि तो गेला. जाण्याआधी त्याला पण तशीच गाडी पाहिजे झाली होती. युसूफभाईंनी सांगाडा जोडला, खुर्ची बसवली, साखळी ओवली. चाकं जुळवायची तेवढी राहिली, आणि त्याचा निघायचा दिवस आला.

सरांची गाडी आजही चालते. खुर्ची तिसरी आहे, लुंगीचा तुकडा पाचवा. गंडीपेठला आता वर्षातून दोनदाच. एरवी भाजी आणायला. रमणाची गाडी युसूफभाईंच्या दुकानात आढ्याला टांगलेली आहे. तीन महिन्यांच्या नियमानं त्याचं नाव केव्हाच जायला हवं होतं. मी एकदा आठवण केली तर सर म्हणाले, “तो नियम गैरहजरांना. हा बदलीवर आहे.” तेव्हापासून दर रविवारी मी त्याचं नाव लिहिते आणि पुढे ‘बदली’ लिहिते.

परवा फोनवर तो म्हणाला, “सुनंदागारू, भाईंना बसवा माझ्या जागी आणि जुळवून टाका. किती दिवस टांगून ठेवाल?”

युसूफभाई शेजारीच होते. ओरडले, “मैं बैठा तो गाडी मेरी नाप की होगी रे! तू आ!”

सरांनी माझ्या हातून फोन घेतला. “रमणा, वजन किती आता तुझं?”

“वाढलंय, सर.”

“मग तर इथं येऊनच बस,” सर म्हणाले, आणि फोन मला परत दिला.

आज सकाळी अंगण दोनदा झाडलं. माठ धुतला. साखळीला तेल घातलं. या आठवड्याच्या यादीत आता एकच ओळ उरली आहे. ती मी दर वर्षी जुन्या यादीतून नव्या यादीत उतरवते :

रमणाच्या गाडीची पुढची चाकं जुळवणे – रमणाला बसवून.